भीतीची गाळणी

माशांच्या टाकीखाली संप बसवायला माणसं आली त्या दिवशी हृषीकेश चौगुले आतल्या खोलीत दार लावून बसला होता. ड्रिल सुरू झालं की त्याच्या छातीत धडधडायचं, तळहातांना घाम सुटायचा. त्याची बायको केतकी हॉलमध्ये कामावर लक्ष ठेवत होती आणि मधूनच दाराशी जाऊन सांगत होती, "झालंच हं, एकच भोक राहिलंय."

हे असं दोन वर्षं चाललं होतं. फोंडा घाटात समोरून आलेल्या ट्रकला चुकवताना हृषीकेशची गाडी दरीत गेली होती. शेजारी बसलेला त्याचा सहकारी उदयन जागीच गेला, हृषीकेश झाडाला अडकून वाचला. चूक ट्रकवाल्याची होती हे पोलिसांपासून उदयनच्या बायकोपर्यंत सगळ्यांना मान्य होतं. हृषीकेशच्या शरीराला मात्र ते कधी पटलं नाही. तो गाडीत बसेना. रस्ता ओलांडेना. चौथ्या मजल्यावरच्या त्यांच्या गॅलरीत कपडे वाळत घालायलासुद्धा जाईना. मशीन डिझाइनचं काम तो घरूनच करायचा, आणि बाहेरचं जग केतकी एकटी सांभाळायची: शिरोलीच्या फौंड्रीतली नोकरी, बाजार, बँक, पाच वर्षांच्या ईराची शाळा.

मासे पाळा, असं मानसोपचाराच्या डॉक्टरांनी सुचवलं होतं. हॉलमध्ये भिंतीइतकी लांब टाकी आली. पण पाणी सारखं गढुळायचं, मासे मरायचे, आणि प्रत्येक मेलेल्या माशागणिक हृषीकेश आणखी खचायचा. म्हणून हा संप.

"संप म्हणजे काय गं आई?" ईराने विचारलं.

"टाकीच्या खाली दुसरी टाकी. वरचं घाण पाणी खाली जाणार, स्वच्छ होऊन परत वर येणार."

कंपनीकडून आलेल्या मुलीने केतकीला सगळं उघडून दाखवलं. टाकीखालच्या कपाटात काचेचे कप्पे होते. वरचं पाणी नळीतून पहिल्या कप्प्यात पडत होतं आणि तिथल्या कापडी मोज्यातून गाळलं जात होतं. मग ते जाळीदार नळकांड्यांच्या ढिगावरून झिरपत शेवटच्या कप्प्यात जायचं, आणि तिथला पंप ते पुन्हा वर चढवायचा. मोजा दर आठवड्याला धुवायचा, उडून गेलेल्या पाण्याची भर घालायची, पंपाच्या तोंडाशी अडकलेला गाळ काढायचा. देखभाल एवढीच.

"आणि ही आमची खासियत," ती मुलगी म्हणाली. तिने एका पाकिटातलं दुधट पाणी नळकांड्यांवर ओतलं. "नीलांबू कल्चर. जिवंत गाळणी."

त्या वर्षांत जिवंत गाळण्या नव्या राहिल्या नव्हत्या. नाल्यांतलं तेल खाणारे, साखर कारखान्यांची मळी पचवणारे, प्रयोगशाळेत घडवलेले जंतू सरकारी मान्यतेने विकले जात होते. नीलांबूच्या जंतूंची गोष्ट मात्र वेगळी होती. मासा जखमी झाला की त्याच्या कातडीतून एक द्रव्य पाण्यात सुटतं. इतर माशांना त्याचा वास लागतो आणि ते उधळतात, लपतात. नदीत हे द्रव्य वाहून जातं. टाकीत ते फिरतच राहतं. एक मासा दगडावर घासला गेला तरी सगळी टाकी दिवसेंदिवस भेदरलेली असते, आणि भेदरलेला मासा खात नाही, आजारी पडतो, मरतो. नीलांबूचे जंतू हे भीतीचं द्रव्य खायचे. शिवाय ते खाऊन जे बाहेर टाकायचे, त्याने माशांचा मेंदू निवायचा.

"म्हणजे हा संप भीतीच गाळून काढतो?" केतकीने हसून विचारलं.

"अगदी तसंच, मॅडम."

आतल्या खोलीचं दार किलकिलं झालं होतं. हृषीकेश ऐकत होता.

*

संपाची देखभाल त्याने स्वतःकडे घेतली. मोजा धुणं हे आठवड्याचं काम, पण तो रोज कपाट उघडून बसू लागला. आत पाणी पडायचं त्या जागी बारीक तुषार उडत आणि ओल्या मातीसारखा वास येई. "इथे बरं वाटतं," तो म्हणायचा. ईराही शाळेतून आली की त्याच्या शेजारी मांडी घालून, कपाटात डोकं खुपसून बुडबुडे बघायची.

टाकी तर पाहत राहावी अशी झाली. सह्याद्रीतल्या ओढ्यांत सापडणारे लाल पट्ट्याचे मासे हृषीकेशने मुद्दाम आणले होते. पूर्वी टाकीपाशी कुणी गेलं की ते दगडांमागे पळायचे. आता काचेपाशी येऊन थांबायचे आणि टाकीत घातलेल्या हाताला तोंड लावायचे.

पावसाळा सरता सरता हृषीकेश शांत झोपू लागला. एका रविवारी केतकी भाजी निवडत होती, तर तो गॅलरीत उभा! कठड्यावर कोपरं टेकून खाली बघत होता.

"हृषी?"

"अगं, समोरचा गुलमोहर केवढा वाढलाय. मला माहीतच नव्हतं."

केतकीच्या हातातली गवार तशीच राहिली. ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. दोन वर्षांत ती त्याच्यासमोर रडली नव्हती. तो आणखी घाबरेल म्हणून.

पुढच्याच आठवड्यात त्याने गाडीची किल्ली मागितली. दसऱ्याला तिघं गाडीने जोतिबाला जाऊन आली. केतकीच्या आईने फोनवर विचारलं, "कुणाचं औषध लागू पडलं गं?" केतकी म्हणाली, "माशांचं."

पहिली शंका आली ती इंगवलेकाकांच्या ऑस्करमुळे.

इंगवलेकाका खालच्या मजल्यावर राहायचे. त्यांची टाकी गळायला लागली म्हणून ते बादलीत आपला मासा घेऊन आले. तळहातापेक्षा मोठा, काळ्या अंगावर नारिंगी डाग असलेला.

"केतकी, चारच दिवस सांभाळता काय? नवी टाकी येईस्तोवर. पण ह्यो खादाड हाय बरं का, बारक्या माशांत सोडू नका."

"सोडू की," हृषीकेश म्हणाला. "काही होत नाही."

केतकीने विरोध करेपर्यंत ऑस्कर टाकीत गेलाही होता. तो सावकाश फिरला, मग एका लाल पट्ट्याच्या माशाकडे वळला. केतकीला वाटलं, आता सगळे उधळतील. कुणी उधळलं नाही. तो छोटा मासा ऑस्करच्या तोंडासमोर तसाच तरंगत राहिला. ऑस्करने तोंड उघडलं आणि तो आत गेला. शेजारचा मासा तिथेच होता. थोड्या वेळाने तोही गेला. पाण्यात खळबळसुद्धा झाली नाही.

"हृषी, काढ त्याला! काढ आधी!"

हृषीकेश सोफ्यावर बसून पाहत होता. ईरा त्याच्या मांडीवर होती.

"बघ ना," तो म्हणाला, "किती शांत जातायत."

ईरा हसली.

केतकीनेच जाळीने ऑस्करला बाहेर काढलं.  पाळीव मासे एकमेकांना खातात हे तिला ठाऊक होतं. तिला हादरवलं ते नवऱ्याच्या चेहऱ्याने. त्यावरच्या शांतपणात आणि त्या माशांच्या तरंगण्यात काही फरक नव्हता.

*

मग तिला एकेक गोष्ट दिसू लागली. गॅसवर दूध उतू जाऊन ज्योत विझली, वास सुटला, आणि हृषीकेश तिथेच उभा राहून फोनवर बोलत राहिला. ईराने तापलेल्या तव्याला हात लावला. चटका बसला तशी ती रडली, केतकीने बोट पाण्याखाली धरलं. डोळे पुसून झाल्यावर ईरा पुन्हा ओट्यापाशी गेली आणि दुसरा हात तव्याकडे नेला. दुखतं हे तिला कळत होतं. दुखेल याची धास्ती तिच्यात उरली नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत हृषीकेशने वैभववाडीला मामाकडे जायचं काढलं. गगनबावड्याच्या पुढे करूळ घाट लागतो. सकाळचे दहा वाजून गेले होते तरी दरीतून धुकं वर येत होतं, पुढची गाडी जेमतेम दिसत होती. पुढे उसाचा रिकामा ट्रक रांगत चालला होता.

"राहू दे त्याच्या मागे," केतकी म्हणाली. "घाई नाही आपल्याला."

हृषीकेशने गाडी उजवीकडे घेतली. समोर वळण होतं. वळणापलीकडे काय आहे ते कुणालाच दिसत नव्हतं, आणि त्याने वेग वाढवला. धुक्यातून दोन दिवे उगवले. एस.टी. होती. केतकी किंचाळली. एस.टी.च्या ड्रायव्हरने गाडी डोंगराच्या कडेला घासत नेली म्हणून तिघं वाचली. हॉर्नचा आवाज घाटात बराच वेळ घुमत राहिला.

"थांबव. हृषी, गाडी थांबव."

त्याने गाडी कडेला घेतली. केतकीला श्वास घेता येत नव्हता. तिने मागे वळून पाहिलं, तर ईरा कुतूहलाने तिच्या तोंडाकडे बघत होती. हृषीकेशही.

"आई असं काय करते?" ईराने विचारलं.

"घाबरली ती," हृषीकेश म्हणाला, एखादा जुना, विसरलेला शब्द आठवावा तसा. "केतकी, अगं, झालं का काही? निघालो ना आपण?"

दोन-अडीच वर्षांपूर्वी अशाच घाटात, अशाच वळणावर त्याचा मित्र गेला होता. त्याला ते आठवतही होतं. पण आठवून काहीच होत नव्हतं. परतीच्या प्रवासात गाडी केतकीने चालवली, आणि वाटेत तिला पहिल्यांदाच नवऱ्याची भीती वाटली.

*

डॉ. मगदूम बाई कान-नाक-घशाच्या डॉक्टर. केतकीचा सायनसचा त्रास जुना, त्यामुळे ओळख जुनी. त्या दिवशी नाक तपासून झाल्यावरही केतकी खुर्चीतून उठेना. तिने नवऱ्याच्या आणि ईराच्या वागण्याचं सगळं सांगितलं, सांगताना आपण वेड्यासारखं बोलतोय असंही तिला वाटत होतं. डॉक्टरांनी मध्ये एकदाही टोकलं नाही.

"तुमच्या घरी नीलांबूचा संप आहे?" त्यांनी विचारलं.

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"गेल्या महिन्यात एक पत्रे बसवणारा माणूस आला होता. छपरावरून पडून नाक मोडलेलं. पट्टा का बांधला नाहीस विचारलं, तर म्हणाला, गरज वाटली नाही. वीस वर्षं न चुकता पट्टा बांधणारा माणूस. त्याची बायको एका दवाखान्यात साफसफाई करते. तिथे ही टाकी आहे, आणि मोजे धुवायला ती घरी आणते." त्या थांबल्या. "दोघांना घेऊन या. नाकातला नमुना घ्यायचाय."

हृषीकेश आनंदाने आला. त्याला हल्ली कशालाच हरकत नसायची.

नमुन्यांत जे सापडलं ते डॉक्टरांनी केतकीला कागदावर चित्र काढून समजावलं. संपात पाणी पडतं, बुडबुडे फुटतात, आणि प्रत्येक फुटणारा बुडबुडा जंतूंनी भरलेले सूक्ष्म थेंब हवेत उडवतो. श्वासाबरोबर ते नाकात, अगदी वर, वास ओळखणाऱ्या नाजूक त्वचेवर जाऊन बसतात. संपाबाहेर हे जंतू तासभरही जगत नाहीत, असं कंपनीने सरकारला लिहून दिलं होतं. ते जगत होते. शेवाळासारखे पसरत होते.

"नाक आणि मेंदू यांच्यामध्ये पापुद्र्याएवढं अंतर असतं," डॉक्टर म्हणाल्या. "वासाच्या नसा थेट जिथे पोचतात तिथेच, मेंदूच्या पोटात, बदामाएवढा एक भाग आहे. धोका दिसला की तो घंटा वाजवतो. या जंतूंचं द्रव्य ती घंटाच दाबून धरतं. विचार शाबूत, आठवण शाबूत, वेदनाही शाबूत. फक्त घंटा वाजत नाही."

"मग मला का नाही झालं? मीही त्याच घरात राहते."

"सायनससाठी तुम्ही रोज जलनेती करता. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून. हे गोड्या पाण्यातले जंतू आहेत, रोजच्या मिठाने ते टिकत नाहीत. उपाय तोच आहे, केतकी. नेती आणि एक मलम. आठ-पंधरा दिवसांत नाक मोकळं होईल. पण आधी तो संप मारायला हवा."

केतकीला हायसं वाटलं. इतकं सोपं! डॉक्टरांचा चेहरा मात्र उजळला नाही.

"तो पत्रेवाला पुन्हा आलाच नाही," त्या म्हणाल्या. "ज्याला भीतीच वाटत नाही, त्याला औषध घ्यावंसं कशाला वाटेल?"

*

"नाही," हृषीकेश म्हणाला.

तो कपाटाशी बसून मोजा पिळत होता. केतकी समोर जमिनीवर बसली होती.

"मीठपाणी आहे रे नुसतं. मी रोज करते."

"प्रश्न पाण्याचा नाही." त्याचा आवाज शांत होता. हल्ली तो नेहमीच शांत असायचा. "दोन वर्षं मी कसा जगलो तुला माहितेय? डोळे मिटले की उदयनचा हात दिसायचा. खाली रिक्षाचा ब्रेक लागला तरी मी दचकायचो. आंघोळीला गेलो की वाटायचं, आता छप्पर पडेल. तू मला त्यातून बाहेर काढलंस आणि आता म्हणतेस परत जा?"

 केतकी त्याच्या जागी असती तर तीही नाहीच म्हणाली असती.

"ईराचं काय?" तिने विचारलं. "तिने तव्यावर हात ठेवला. उद्या ती रस्त्यावर धावेल. तुला तिच्यासाठी भीती वाटत नाही?"

हृषीकेशने मोजा बाजूला ठेवला. त्याने खरोखर प्रयत्न केला. केतकीला ते दिसत होतं. त्याने डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या, अंधारात चाचपडावं तसं मनात काहीतरी शोधलं.

"नाही वाटत," तो अखेर म्हणाला. "वाटायला हवी, ना?"

ईराला त्या संध्याकाळपासून केतकीने नेती सुरू केली. पोरगी ओरडली, शिंकली, पण सवय झाली तिला. उपयोग मात्र होईना. संप चालू होता, तोवर तिच्या नाकात आधीच पसरलेल्या जंतूंत रोज नव्यांची भर पडत होती. आणि टाकी काही एकट्या त्यांच्या घरात नव्हती. ईराला सोडायला गेली असताना केतकीने शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये तशीच लांबलचक, निळी टाकी पाहिली. खालून पाणी पडल्याचा ओळखीचा आवाज येत होता. ती तडक मुख्याध्यापिकांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डॉक्टरांचा अहवालही पाहिला.

"मुलं किती शांत झालीत पण," त्या प्रसन्नपणे म्हणाल्या. "परीक्षेला एकही रडत नाही. यात घाबरण्यासारखं काय आहे?"

केतकीने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि अहवाल उचलून ती उठली. त्यांना पटवून देणं शक्यच नव्हतं.

ती शनिवारची दुपार होती. केतकी अर्ध्या दिवसाने फौंड्रीतून घरी आली. हॉलमध्ये कुणी नव्हतं. गॅलरीचं दार उघडं होतं.

ईरा कठड्यावर उभी होती. हात पसरून, एकापुढे एक पाऊल टाकत ती कठड्यावरून चालत होती. खाली चार मजले आणि पार्किंगची फरशी. हृषीकेश हातभर अंतरावर, भिंतीला टेकून, चहाचा कप घेऊन उभा होता.

"बघ," तो हलक्या आवाजात म्हणाला, "काय तोल सांभाळतेय."

केतकी ओरडली नाही. ओरडलं तर ती वळून पाहील, हे तिच्या लक्षात आलं. ती एकेक पाऊल टाकत पुढे गेली.  ईराने तिला पाहिलं, "आई!" म्हणत एक हात हलवला आणि तिचा एक पाय कठड्यावरून सुटला. केतकीने झेप घेतली. हातात फ्रॉक आला, मग दंड, मग सगळी ईरा. दोघी आतल्या बाजूला फरशीवर आपटल्या. केतकीच्या कोपरातून रक्त येत होतं. तिने पोरीला इतकं घट्ट धरलं होतं की ईरा म्हणाली, "आई, सोड, लागतंय."

हृषीकेश तिथेच उभा होता. कपातला चहा सांडलाही नव्हता.

 मग हृषीकेशने कप खाली ठेवला आणि आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"तिचा पाय सुटला," तो म्हणाला. "मी बघत होतो. हा हात पुढे करावा असं मला वाटलंच नाही." त्याने केतकीकडे पाहिलं. "आत्ताही काही वाटत नाहीये मला. पण तुझा चेहरा दिसतोय. तू ज्याला घाबरलीस ते खरं असणार." तो दारातून आत गेला. "चल. बंद करू या ते."

*

मासे आधी ताज्या पाण्याच्या टबात काढले. हृषीकेशने पंपाची पिन उपसली. नळीतून उतरणारं पाणी थोडा वेळ गळत राहिलं आणि थांबलं. घर एकदम मुकं झालं. तोंडाला कपडा बांधून त्याने संपात ब्लीच ओतलं, नळकांड्यांचा ढीग त्यात बुडवला, मोजा, पंप, नळ्या, सगळं. हे करताना तो थांबला नाही की त्याने एकदाही मागे पाहिलं नाही. दुसऱ्या सकाळी केतकीने मिठाचं कोमट पाणी नेतीच्या भांड्यात भरून त्याच्यापुढे धरलं. त्याने ते घेतलं, बेसिनवर वाकला आणि मान तिरकी केली.

आधी परतली ईराची भीती; शाळेतून आल्यावरही तिची रोज नेती होत होती. दुपारी झोपली असताना खाली कुणीतरी फटाक्यांची माळ लावली, आणि ती किंकाळी फोडून उठली, धावत येऊन केतकीच्या साडीत घुसली. तिचं काळीज उडत होतं. केतकी तिला थोपटत राहिली. रडणारं लेकरू मांडीवर घेऊन आपण इतक्या सुखात कशा, याचं तिलाच नवल वाटलं.

हृषीकेशची भीती नंतर आली, आणि ती सगळी मिळून आली. केतकी स्वयंपाकघरात होती. बाथरूममध्ये काहीतरी पडल्याचा आवाज झाला. तो ओल्या फरशीवर गुडघ्यांत डोकं घालून बसला होता, दात वाजत होते.

"कठड्यावर होती," तो म्हणत होता. "केतकी, ती कठड्यावर होती. मी चहा पीत होतो. घाटात... समोर एस.टी... ईरा मागे बसली होती..."

जे जे त्या महिन्यांत वाटायला हवं होतं आणि वाटलं नव्हतं, ते आता वसूल होत होतं. ती त्याच्या शेजारी ओल्या फरशीवर बसली. आपण याचं काय केलं, हा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो परतवला नाही.

तो पुन्हा खोलीत बसू लागला. गॅलरीच्या दाराला त्याने स्वतः कुलूप लावलं.

गावात मात्र उलटं चाललं होतं. डॉ. मगदूम आणि इतर काही डॉक्टरांच्या अहवालांमुळे सरकारने नीलांबूची विक्री थांबवली. पण संप घरोघरी होते, त्यांचं बदललेलं पाणी लोकांनी बागांत ओतलं होतं, गटारांत सोडलं होतं. नाक धुण्याच्या सूचना निघाल्या. त्या वाचून लोक प्रेमळपणे मान डोलावत आणि पुढे जात. रस्त्यावर हॉर्न वाजेनासे झाले. ब्रेकही.

एके दिवशी फौंड्रीत साचे भरणाऱ्या एका मोल्डरने वितळलेल्या लोखंडाच्या बादलीवरून पलीकडे जायचा प्रयत्न केला. त्याला दवाखान्यात पोचवता पोचवता ईराची शाळा सुटायची वेळ झाली. केतकीने घरी फोन लावला.

"हृषी, आज तुला जावं लागेल. मी पोचत नाही वेळेत."



"रस्ता आहे मध्ये," तो म्हणाला.

"माहितेय. दुसरं कुणी नाहीये रे."

ती रिक्षा करून निघाली. रिक्षावाला सिग्नल पाहत नव्हता. तिने खांबाला धरून प्रत्येक चौकात त्याला ओरडून थांबवलं. शाळेच्या वळणावर ती उतरली आणि जागीच खिळली.

फाटक उघडलं होतं. मुलं बाहेर पडत होती, गप्पा मारत, ओळीने, सरळ रस्त्यात. डावीकडे उजवीकडे कुणी बघत नव्हतं. फाटकातल्या बाई हसून हात हलवत होत्या. आणि उताराने विजेची बस येत होती, आवाज न करता, वेग जराही कमी न करता. ड्रायव्हर मुलांकडे पाहत होता. अगदी शांतपणे पाहत होता.

फाटकाशी एकटी ईरा थांबली होती. दोन्ही हातांनी दप्तर छातीशी धरून ती ओरडत होती, "बाबा! बस! बाबा!"

मुलं आणि बस यांच्यामध्ये हृषीकेश उभा होता.

तो पांढराफटक पडला होता. दोन्ही हात पसरून तो ड्रायव्हरवर ओरडत होता, घशाच्या शिरा तटतटून, शब्द कळणार नाहीत असा. बसने ब्रेक लावला तो बहुधा त्या ओरडण्याचं नवल वाटून. ती त्याच्या छातीपासून हातभर अंतरावर थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "काय झालं हो?"

हृषीकेशने उत्तर दिलं नाही. तो मुलांना दंडाला धरधरून पलीकडे नेऊ लागला. दोन खेपा, तीन खेपा, प्रत्येक वेळी दोन्हीकडे बघत, पुन्हा बघत. केतकी पोचली तेव्हा त्याचा शर्ट घामाने चिकटला होता आणि ईरा त्याच्या पँटला धरून उभी होती.

"मला भीती वाटतेय," तो म्हणाला.  "केतकी, प्रत्येक खेपेला वाटतं, आता दुसरी बस येईल."

"चल. घरी जाऊ. झालं आता."

त्याने मान हलवली. शाळेच्या आत घंटा वाजली.

"मोठ्या वर्गांची सुटते आत्ता," तो म्हणाला. त्याने ईराचा हात केतकीच्या हातात दिला, तोंड पुसलं, आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला.